अळीसाठी भुसा आंबवताना

भुंगा कोषातून बाहेर आला की त्याची वाढ संपलेली असते. त्यानंतर त्याला काहीही खाऊ घाला, तो एक मिलिमीटरही वाढणार नाही. शिंग केवढं होणार आणि पाठ किती रुंद भरणार, हे अळी मातीत असतानाच ठरून गेलेलं असतं. थोडा वाटा आईबापांकडून आलेल्या गुणांचा, थोडा तापमानाचा, बाकी सगळं त्या कित्येक महिन्यांतल्या खाण्यावर. आणि अळी खाते ती माती. जिच्यात राहते, श्वास घेते, कात टाकते, तीच खाते. म्हणून भुंगे पाळायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी डबा किंवा दिवा घेऊ नका म्हणते. आधी माती करायला शिका.

‘माती’ हा आपला सोयीचा शब्द. खरं तर तिच्यात माती जवळजवळ नसतेच. गेंडा भुंग्याची अळी रानात कुजलेल्या ओंडक्यांत, पानांच्या जुन्या थरांत, शेणखताच्या ढिगांत वाढते. कुंडीत भरायचं तयार मिश्रण तिला देऊ नये. त्यात पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) किंवा नारळाचा भुसा असतो, वर रासायनिक खताचे दाणे आणि पाणी धरून ठेवणारे पांढरे खडे. अळी ते गिळेल, पोट फुगेल, पण अंगाला काही लागणार नाही. आठवड्यांमागून आठवडे वजन तिथल्या तिथे राहतं आणि पाळणाऱ्याला वाटतं की जात लहान असेल.

मी जे वापरते त्याला भुंगे पाळणारे लोक फ्लेक सॉइल म्हणतात. रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचा भुसा, पीठ आणि पाणी एकत्र करून आंबवलेला. जपानमध्ये भुंगे पाळण्याचा छंद मोठा आहे आणि तिथे या आंबवलेल्या भुशाच्या पिशव्या तयार मिळतात. घरी केलेला मात्र स्वस्त पडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात काय काय गेलंय हे आपल्याला ठाऊक असतं.

लाकडाबद्दल मी फार काटेकोर आहे. ओक, बीच, मॅपल ही या कामातली नावाजलेली लाकडं. सूचिपर्णी झाडांचं, म्हणजे पाइन, देवदार, सिडार यांचं लाकूड वर्ज्य, कारण त्यातली राळ आणि उग्र तेलं अळीला सोसत नाहीत. सागाचाही भुसा मी घेत नाही. सागात वाळवीला दूर ठेवणारी द्रव्यं नैसर्गिकच असतात, म्हणून तर ते लाकूड इतकं टिकतं. माझा ठोकताळा असा, की ज्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही त्याचा भुसा अळीच्या डब्यात नको. सुतारकामाच्या जागी गोळा होणाऱ्या भुशाचं तर नावच नको. त्यात प्लायवूड, एमडीएफ, डिंक, पॉलिश सगळं मिसळलेलं असतं आणि ते वेगळं काढायला काही मार्ग नाही. कुठल्या लाकडाचा आहे हे नक्की माहीत असलेला कोरा भुसा मिळत नसेल, तर शेगडीसाठी विकतात त्या शुद्ध कठीण लाकडाच्या गोळ्या घ्याव्यात. मात्र पाकिटावर लाकडाचं नाव हवं, आणि सुगंध किंवा चिकटवण्यासाठी बाहेरचं काही घातलेलं नको. पाण्यात टाकल्या की त्या फुगून मोकळ्या होतात आणि छान बारीक भुसा हाती येतो.

पीठ कशासाठी, हे कळलं की पुढची अर्धी कृती आपोआप कळते. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. कार्बन भरपूर, नायट्रोजन अगदीच नगण्य. ताज्या भुशात नायट्रोजनच्या शेकडो पट कार्बन असतो. एवढ्या कमी नायट्रोजनवर अळीचं अंग भरत नाही. गव्हाच्या पिठात स्टार्च आणि प्रथिनं दोन्ही असतात. ती जीवाणूंना, यीस्टला आणि बुरशीला मिळाली की त्यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि ते वाढता वाढता लाकडालाही हात घालतात. शेवटी अळीच्या तोंडी जातं ते मऊ पडलेलं लाकूड आणि त्यावर पोसलेल्या सूक्ष्मजीवांचं अंग. पीठ अळीपर्यंत पीठ म्हणून पोचता कामा नये. ते पूर्ण संपलेलं असलं पाहिजे.

प्रमाण साधं आहे. भुसा दहा भाग तर पीठ एक भाग, मापाने, वजनाने नव्हे. गव्हाचं पीठ उत्तम, कोंडा असेल तर अर्धं पीठ आणि अर्धा कोंडा घेतला तरी चालतं. पीठ वाढवलं तर अळी मोठी होईल, हा मोह सगळ्यांना होतो. जास्तीच्या पिठाने ढीग बेसुमार तापतो, अमोनियाचा भपकारा सुटतो आणि थंड व्हायला दुप्पट वेळ लागतो. युरिया किंवा दुसरं कुठलं रासायनिक खत तर अजिबात घालू नये. आधीच्या खेपेतलं तयार मिश्रण शिल्लक असेल तर त्यातलं ओंजळभर विरजण म्हणून मिसळावं, काम लवकर सुरू होतं.

भुसा आणि पीठ आधी कोरडंच एकजीव करायचं, मग पाणी. उलटं केलं तर पिठाच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या आतून सडतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरते. पाणी किती, याचं माप कुठल्याच कृतीत बरोबर मिळत नाही, कारण भुसा कधी खडखडीत वाळलेला असतो, कधी आधीच दमट. इथे मुठीवर भरवसा ठेवायचा. मूठभर मिश्रण घ्या आणि जोर लावून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा जसाच्या तसा राहिला पाहिजे, बोटांच्या फटीतून थेंब निथळता कामा नये. आता त्या गोळ्याला अंगठ्याने हलकंच टोचा. तो दोन-तीन तुकड्यांत सुटला तर पाणी बेताचं झालं. चिखलासारखा दबून राहिला तर जास्त. दाबल्या दाबल्या भुगा झाला तर अजून शिंपडा. ही परीक्षा पुढे अळ्या आत सोडतानाही हीच, आणि मधे मिश्रण वाळतंय का हे बघतानाही हीच.

भांडं मोठं हवं. दोन-चार लिटरच्या डब्यात भुसा पुरेसा तापत नाही. ऊष्णता आत साठायला ढिगाला जाडी लागते. तीस लिटरच्या पुढचा टब घ्यावा, झाकणाला भोकं पाडावीत, किंवा झाकणाऐवजी दाट विणीचं कापड ताणून बांधावं. हवा खेळली पाहिजे, पण माशा आत जाता कामा नयेत. टब उबदार जागी ठेवायचा, उन्हात नाही.

मग खरी गंमत सुरू होते. एक-दोन दिवसांत टबात हात घातला तर मधोमध ऊब लागते, आणि पुढे ढीग चांगला मोठा असेल तर तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. लांब दांडीचा थर्मामीटर मी टबातच खुपसून ठेवते. वासावरूनही बरंच कळतं. पहिल्या दिवशी कोऱ्या लाकडाचा आणि पिठाचा वास. मग आंबट, फसफसलेला, जरा दारूच्या बाजूला झुकणारा. त्यानंतर नाकात झोंबणारा अमोनिया. या वेळी खिडकी उघडून काम करावं. गरम थरांत राखेसारखी पांढरी भुकटी दिसते, ती बघून लोक घाबरतात. ते बहुतेक अ‍ॅक्टिनोमायसीट नावाचे, धाग्यांसारखे वाढणारे जीवाणू असतात आणि त्यांचं येणं चांगलंच. शेवटी वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास टबातून येऊ लागतो. तो वास देणारं जिओस्मिन याच गटातले जीवाणू तयार करतात.

ढीग तापलेला असेपर्यंत रोज उलथापालथ करायची. तळातलं वर, कडेचं मधे. हे कष्टाचं काम आहे आणि ते टाळून चालत नाही, कारण हवा मिळाली नाही की तळाशी वेगळेच जीवाणू माजतात आणि सडका, ओकारी आणणारा वास सुटतो. तसा वास आला तर सगळं मिश्रण कापडावर पातळ पसरून वारा द्यावा, कोरडा भुसा थोडा मिसळावा आणि पुन्हा भरावं. बहुतेक वेळा सावरतं. तापमान उतरू लागलं की तीन-चार दिवसांनी एकदा हलवलं तरी पुरतं, पुढे आठवड्यातून एकदा. वाफेबरोबर पाणी बरंच निघून जातं, म्हणून दर वेळी मूठ दाबून बघायची आणि लागेल तसं शिंपडायचं. सगळं मिळून दीड ते तीन महिने. भुसा किती बारीक, हवा किती गरम, ढीग केवढा, यावर ते अवलंबून आहे; तारीख धरून बसू नये.

तयार झालेलं मिश्रण गडद तपकिरी असतं, बोटांत चोळलं तर लाकडाचे कण सहज मोडतात, आणि त्याला आंबट किंवा अमोनियाचा वास अजिबात नसतो. पण हे सगळं जुळलं तरी मी लगेच अळ्या सोडत नाही. दोन-तीन लिटर मिश्रण वेगळ्या डब्यात घेते, थोडं पाणी शिंपडते, झाकते आणि काही दिवस खोलीत ठेवते. कोरडं पडल्यामुळे थंड वाटणारं मिश्रण पाणी मिळताच पुन्हा तापायला लागतं, आणि ते अळीच्या डब्यात घडलं तर अळी जाते. एक तर उष्णतेने, दुसरं म्हणजे आंबण्याची क्रिया डब्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. अळीच्या दोन्ही कुशींवर ओळीने बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ती तिची श्वासाची छिद्रं. नाक बाहेर काढून बसायची सोय तिला नाही. आजूबाजूच्या भुशात जी हवा असेल तीच तिची.

म्हणून पहिली अळी सोडण्याची वेळ मला फार महत्त्वाची वाटते. गेल्या खेपेला माझी भाची बरोबर होती. अळी आम्ही मिश्रणावर अलगद ठेवली. ती आधी इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडून राहिली, मग डोकं खाली वळवून जबड्यांनी कण बाजूला सारू लागली. भाची डब्यावर वाकून म्हणाली, “मावशी, तिला टोचत नाही का गं?” मी तिला अळीच्या अंगावरचे आखूड तांबूस केस दाखवले, भुशात पुढे सरकताना त्यांची पकड मिळते. पाच-सात मिनिटांत फक्त मागचा राखाडी, फुगीर भाग वर उरला, मग तोही दिसेनासा झाला. मिश्रण चांगलं असल्याची याहून पक्की पावती नाही. अळी तासन्‌तास वरच बसून राहिली, किंवा आत जाऊन सकाळी परत वर आलेली दिसली, तर ती सांगतेय की खाली काहीतरी बिघडलंय. तिला तत्काळ जुन्या मिश्रणात हलवा आणि नव्याला अजून हवा द्या. “आळशी असेल”, “सवय होईल” असं म्हणून वाट बघणाऱ्यांच्या अळ्या मेलेल्या मी पाहिल्या आहेत. कोष करण्याच्या बेतात असलेली पिवळसर अळी कधीकधी वर भटकते, तेवढा एक अपवाद.

तो मागचा फुगीर राखाडी भाग नीट बघण्यासारखा असतो. पातळ कातडीतून आतलं गडद अन्न दिसतं. या कुळातल्या अळ्यांच्या मधल्या आतड्यात पीएच १०च्याही वर जातो, साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी. त्यात लाकडाच्या कणांना चिकटून बसलेली प्रथिनं सुटी होतात. त्यापुढचं आतडं पिशवीसारखं फुगलेलं असतं आणि तिथे सूक्ष्मजीव अन्न पुन्हा आंबवतात. म्हणजे आपण टबात तीन महिने जे केलं त्याचाच पुढचा भाग अळीच्या पोटात चालू असतो. हे सूक्ष्मजीव तिला आजूबाजूच्या मातीतून आणि विष्ठेतून मिळत राहतात, म्हणून मिश्रण बदलताना मी साधारण एक तृतीयांश जुनं ठेवतेच.

बदलायचं केव्हा, तर वरचा थर आयताकृती गोळ्यांनी भरला की. त्या गोळ्या म्हणजे विष्ठा. अळी तीन अवस्थांतून जाते आणि वजन मुख्यतः तिसरीत चढतं, तेव्हा खाण्याचा वेगही तेव्हाच कल्पनेपलीकडचा होतो. हर्क्युलीस भुंग्याची अळी १०० ग्रॅमच्या पुढे जाते. तिला दहा लिटरचा डबासुद्धा फार दिवस पुरत नाही. जपानी गेंडा भुंग्यासारख्या मध्यम जातीला तीन लिटर चालतात. लहान अळ्यांना बारीक चाळलेलं मिश्रण द्यावं, मोठ्यांना भरड.

सगळ्या भुंग्यांना हे एकच मिश्रण चालत नाही. फुलभुंग्यांच्या अळ्यांना (पाठीवर उताणं पडून सरपटतात त्या) कुजलेली पानं जास्त आवडतात, म्हणून त्यांच्यासाठी मी निम्मा आंबवलेला भुसा आणि निम्मा चुरलेला पालापाचोळा घेते. पानं झाडावरून आपणहून गळलेली, तपकिरी, औषध फवारणी न झालेल्या जागेतली. गोलायथ भुंग्याची अळी मात्र प्रथिनांसाठी हपापलेली असते, तिला मातीशिवाय प्रथिनयुक्त खाऊचे दाणेही पुरवावे लागतात. आणि सांबरशिंग्या भुंग्यांची गोष्ट निराळी. त्यांना पांढऱ्या कुजीच्या बुरशीने पोखरलेलं लाकूड लागतं, ती बुरशी लिग्निन फोडून लाकूड फिकं आणि मऊ करते. पाळणारे लोक ऑयस्टर आळिंबीचे तंतू भुशात वाढवून त्या बाटल्यांत या अळ्या सोडतात. युरोपातल्या सांबरशिंग्याची अळी तर जमिनीखालच्या कुजक्या लाकडात ३ ते ७ वर्षं काढते. एवढा धीर माझ्यात नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलेले नाही.

बाहेरून आणलेल्या पाल्याबरोबर पाहुणे येतात. गोम, वायरवर्म म्हणजे किटकिट्या भुंग्याच्या पिवळ्या तारेसारख्या अळ्या, गांडुळं, माइट म्हणजे कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव. पहिल्या दोन अळी खातात किंवा जखमी करतात, गांडुळं मिश्रणाचा चिखल करतात. पाने वापरण्याआधी कडक गरम करून घेणं हा माझा नियम. आंबवलेल्या भुशाचा एक मोठा फायदा हाच, की त्याने स्वतःच ती उष्णता सोसलेली असते. नंतर वर छोट्या काळ्या माशा घोंघावू लागल्या तर मिश्रण जरा कोरडं ठेवावं आणि झाकणाखाली कापड लावावं. त्या त्रास देतात, अळीला इजा करत नाहीत. एका गोष्टीला मात्र मी भिते. मेलेली अळी कडक होऊन तिच्यावर आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी दिसली तर ते मेटारायझियम. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह यांनी १८७९ साली गव्हावरच्या भुंग्यांच्या अळ्यांवर वर्णन केलेली हीच ती बुरशी. तेव्हापासून शेतीत कीडनियंत्रणासाठी तिचा उपयोग होत आला आहे. आपल्या डब्यात ती आली तर तो डबा पूर्ण रिकामा करायचा, मिश्रण वाचवायचा विचारही करायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या डब्याला शिवायचं नाही.

तिसऱ्या अवस्थेतली अळी पिवळट पडली, कातडीला सुरकुत्या आल्या आणि खाणं मंदावलं की माती बदलणं थांबवा. ती आता कोषासाठी खोली करणार. त्याआधीच्या शेवटच्या बदलात तळाचे दहा सेंटीमीटर मिश्रण मुठीने ठोकून घट्ट बसवलेलं असावं, भुसभुशीत मातीत भिंती ढासळतात. ती स्वतःच्या विष्ठेचा गिलावा देऊन आतून भिंत गुळगुळीत करते. डबा हलवू नये, उकरून बघू नये.

आता उरलेल्या जुन्या मातीचं काय करायचं? झाडांना ती फार मानवते, मी कुंड्यांत घालते. पण आधी एकेक मूठ ताटात पसरून बघते, कारण अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या भुशात सहज नजरेतून सुटतात. पाळलेली जात आपल्या प्रदेशातली नसेल तर माती पिशवीत बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी आणि मगच बाहेर काढावी. नारळावरचा गेंडा भुंगा बाहेरून येऊन प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर २००७ साली आढळला आणि हवाईत २०१३ साली, आणि तिथे तो कंपोस्ट आणि पालापाचोळ्याच्या ढिगांतही वाढतो. असे ढीग इकडून तिकडे नेताना त्याच्या अळ्याही जातात. ग्वाममध्ये त्याने माडांची दैना केली आहे. तयार झालेलं, न वापरलेलं मिश्रण मात्र सावलीत पसरून वाळवलं आणि हवाबंद न करता गोणीत भरलं तर महिनोन्‌महिने टिकतं. वापरायच्या आधी आठवडाभर पुन्हा भिजवून ठेवा, हात घालून बघा, आणि थंड असेल तरच अळी सोडा.